गच्चीवरची उलटी छत्री

माझी आत्या छत्र्या दुरुस्त करायची. चौकात, औषधाच्या दुकानाला लागून तिचं दुकान होतं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेरूनच बोलावं, एवढीच जागा. भिंतीवर काड्यांचे जुडगे, कोपऱ्यात दांड्यांचा भारा आणि मधोमध स्टुलावर आत्या, हातात पक्कड आणि दातांत दोरा. दातांत दोरा असला तरी तोंडाचा पट्टा चालूच. तिचा आवाज असा खणखणीत की ती दुकानात हसली की पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला वाटायचं, आपल्यालाच हसली.

लग्न तिनं केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "ठरत होतं हो, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं."

खरं सांगायचं तर आजी-आजोबा लवकर गेले आणि माझ्या वडिलांना आणि सगळ्यांत धाकट्या बहिणीला आत्यानंच वाढवलं. त्या बहिणीला घरात सगळेच 'धाकटी' म्हणायचे. मी तिची भाची, तरी मीसुद्धा. धाकटी नर्स झाली आणि दूरदेशीच्या एका हॉस्पिटलात नोकरीला गेली. तिला निरोप देऊन आलो त्या दिवशी आत्या दुकानात बसून दिवसभर एकच छत्री उसवत आणि शिवत होती. त्यानंतर मात्र तिनं कधी उदास चेहरा केला नाही. धाकटीचा फोन आला की ती आधी पाच मिनिटं तिला रागवायची, मग खुशाली विचारायची.

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते आणि कामाची जागा जवळ म्हणून आत्याकडेच राहत होते. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

एका दुपारी रेडिओवाले दुकानात आले. चौकाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पन्नाशीला टेकलेले, उंच, वाकलेले, बोलायला फार संकोची. एकटेच राहायचे. वाक्य सुरू करायचे आणि अर्ध्यावर ठेवून निघून जायचे. त्या दिवशी मात्र ते ठरवून आल्यासारखे उभे राहिले.

"बाई, वाऱ्यानं उलटी झालेली छत्री दुरुस्त होते का?"

"दुसरं करते काय मी? आणा की."

"आणणं जरा... मोठी आहे."

"केवढी?"

रेडिओवाल्यांनी दोन्ही हात पसरले, मग ते पुरेनात म्हणून दुकानाच्या बाहेर जाऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "इथपासून त्या खांबापर्यंत."

आत्यानं दातांतला दोरा काढला. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

ती छत्री म्हणजे डिश होती. तेव्हा घराघरांवर आता दिसतात तशा ताटाएवढ्या डिश नव्हत्या. परदेशातली चॅनेलं पकडायची तर खोलीएवढी तबकडी लागायची आणि ती फक्त मोठ्या हॉटेलांवर दिसायची. तशाच एका हॉटेलावरची डिश वादळात मोडली होती आणि भंगारात निघाली होती. अॅल्युमिनियमची जाळी, खाली गोलाकार बाकदार काड्या, आणि त्या काड्यांपैकी निम्म्या पिळवटलेल्या. रेडिओवाले कित्येक वर्षं परदेशी मासिकं वाचून असल्या डिशची स्वप्नं बघत होते. ती त्यांनी हातगाडीवर घालून आणली होती.

आत्या डिशभोवती फेऱ्या मारत राहिली. मग म्हणाली, "छत्रीच आहे ही. फक्त हिला पाऊस आत घ्यायचाय."

"पाऊस नाही, सिग्नल."

"तेच ते. वरून पडतं ना?"

काड्या सरळ करणं सोपं नव्हतं. आत्यानं सुरुवातीला सवयीनं त्या छत्रीसारख्या वाकवल्या आणि रेडिओवाल्यांनी कपाळाला हात लावला. डिशचा बाक वेगळा असतो. सगळ्या बाजूंनी येणारा सिग्नल समोरच्या एकाच छोट्या डब्यात गोळा व्हावा असा. मग त्यांनी पुठ्ठ्याचा साचा कापून दिला आणि आत्या प्रत्येक काडी त्याला लावून बघू लागली. काही रिव्हेट तुटले, काही बोटं चेचली. दोघांनी एकमेकांना भरपूर सूचना केल्या. रेडिओवाले आत्याबरोबर राहून पूर्ण वाक्यं बोलायला लागले, कारण अर्धं वाक्य ठेवलं की उरलेलं ती स्वतःच्या मनानं पूर्ण करून टाकायची आणि ते भलतंच निघायचं.

डिश तयार झाली, पण लावायची कुठं? रेडिओवाल्यांच्या घरासमोर गोदामाची भिंत. घोडं तिथंच पेंड खायला लागलं. आत्याच्या घराची गच्ची मोकळी होती, म्हणून डिश तिथं चढली. केबल तिथून फार लांब जाईना, म्हणून रेडिओवाल्यांचा टीव्ही आणि रिसीव्हरही आत्याच्या खोलीत आले. आणि टीव्ही आला म्हटल्यावर त्याच्या मागोमाग रोज संध्याकाळी रेडिओवालेही यायला लागले.

शेजारच्या घरात एक निवृत्त कोर्ट-बेलीफ राहत. कुणी काहीही विचारलं तरी उत्तर 'नाही'नं सुरू करायचे, म्हणून सगळे त्यांना नाहीकाका म्हणत. डिश बघताच ते गच्चीच्या कठड्याशी आले.

"नाही, हे चालायचं नाही. विजा ओढून घेईल ही."

"काका, विजेला आमच्या घरी यायला एवढ्या मोठ्या आमंत्रणाची गरज नाही," आत्या म्हणाली.

"माझी झोप उडाली आहे हिच्यामुळे."

"अहो, अजून चालू तरी कुठं झालीय?"

ते खरंच होतं. दोन रविवार गेले आणि पडद्यावर नुसती मुंग्यांची रांग. आत्या वर डिश हलवायची, रेडिओवाले खाली रिसीव्हरचं बटण फिरवायचे आणि जिन्यात उभी राहून मी एकाचं ओरडणं दुसऱ्याला पोचवायचे. "थोडं डावीकडे!" "कुणाच्या डावीकडे?" "आत्याच्या!" "आता आत्या कुणीकडे तोंड करून उभी आहे ते विचार!" नाहीकाका खिडकीत बसून म्हणत होते, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!"

तिसऱ्या रविवारी सकाळी आत्या वैतागून डिशच्या खांबाला टेकून बसली आणि तिच्या वजनानं खांब किंचित कलला. खालून रेडिओवाल्यांचा असा आवाज आला की मला वाटलं त्यांना शॉक बसला.

"हलू नका! बाई, हलू नका! आहात तशाच बसा!"

पडद्यावर एक बाई आली होती. मागे नकाशा, नकाशावर ढग आणि ती ढगांकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती. कुठली भाषा, कुठला देश, काही कळत नव्हतं. वर आत्या ओरडत होती, "अरे, काय आलं ते तरी सांगा! मी बसून राहू का अशीच?" शेवटी रेडिओवाले धावत वर गेले, खांबाखाली विटेचा तुकडा सरकवला आणि आत्याला हात धरून उठवलं. ती खाली आली, त्या बाईकडे बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. "तिकडं पाऊस आहे! बघा, सगळीकडे ढग. धंदा चांगला असणार."

आवाज मात्र वेगळाच लागला. रिसीव्हरवर चित्राची एक कळ आणि आवाजाची दुसरी असायची, आणि त्याच चित्राच्या पोटात एखादं रेडिओ स्टेशनही दडलेलं असायचं. त्यामुळे हवामानवाली बाई तोंड हलवायची आणि ऐकू यायचा नाचाचा बँड. नंतर खरा आवाज सापडला, पण आमच्या आळीला बँडच जास्त आवडला.

मग संध्याकाळ झाली की आत्याच्या खोलीत दाटी व्हायला लागली. औषधाच्या दुकानाचे मालक यायचे, इस्त्रीवाली यायची, माझ्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी यायच्या. आम्ही कुठल्या कुठल्या देशांतल्या घोड्यांच्या शर्यती बघितल्या, बर्फावरून घसरणारी माणसं बघितली, एका चॅनेलवर तर दोन तास एक माणूस नुसती होडी रंगवत होता आणि कुणी उठलं नाही. भाषा येत नसल्यानं आत्या सगळ्यांचे संवाद स्वतःच म्हणायची. गंभीर तोंडाचा पंतप्रधान काही बोलायला लागला की ती म्हणायची, "बंधू-भगिनींनो, माझी छत्री आज सकाळी इथंच कुणीतरी नेली."

सगळ्यांत मजा 'कच्च्या' चित्रांची. रेडिओवाल्यांनी समजावून सांगितलं होतं की एका गावातून दुसऱ्या गावाला कार्यक्रम पाठवायचा तर तो उपग्रहावरून पाठवतात, आणि प्रत्यक्ष कार्यक्रम सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून कॅमेरा चालूच असतो. मोठी डिश असेल त्याला ते सगळं दिसतं. एक बातम्या देणारा होता, दगडासारख्या चेहऱ्याचा. आम्ही त्याला बातम्यांआधी सँडविच खाताना, टायवर सांडलेलं रुमालानं पुसताना आणि मग तो डाग कोटाखाली लपवताना बघितलं. नंतर बातम्या सुरू झाल्या. युद्धाची बातमी होती बहुतेक. आम्ही सगळे त्याच्या टायकडे बघत होतो.

असं वर्षभर चाललं असेल. मग एके दिवशी धाकटीचा फोन आला. आत्यानं सवयीनं रागवायला सुरुवात केली, पण धाकटीनं तिला थांबवलं.

"ताई, ऐक तर. आमच्या हॉस्पिटलच्या गाण्याच्या मंडळाची निवड झालीये. गावातल्या सभागृहातून टीव्हीवर दाखवणार आहेत. मीही आहे त्यात."

"कधी?"

"पुढच्या शनिवारी. पण तिथं थोडंच दिसणार तुम्हाला?"

आत्यानं फोन ठेवला आणि तडक रेडिओवाल्यांच्या दुकानात गेली. रेडिओवाल्यांनी मासिकं काढली, नकाशा पसरला, पट्टी ठेवली. धाकटीच्या देशातले कार्यक्रम पाठवणारा एक उपग्रह होता, पण पश्चिमेला अगदी खाली, क्षितिजालगत. आत्याच्या गच्चीवरून तिकडे बघितलं तर नाहीकाकांचं घर आडवं येत होतं. त्यांची गच्ची एक मजला उंच.

आत्या त्यांच्या दारात गेली. मी बरोबर होते.

"नाही," नाहीकाका म्हणाले.

"मी अजून काही विचारलंच नाही."

"तरी नाही. ती डिश माझ्या गच्चीवर येणार नाही."

"काका, माझी धाकटी बहीण टीव्हीवर गाणार आहे."

"कोण, ती? नर्सचं शिकत असताना माझ्या आईला इंजेक्शन द्यायला यायची ती?"

"तीच."

"ती सुई टोचताना गाणं म्हणायची. आईला टोचलेलं कळायचंच नाही. आई विचारायची, आज ती पोरगी गायला कधी येणार." त्यांनी दार पूर्ण उघडलं. "नाही म्हणजे... मी काय म्हणतो, डिश आज आणताय की उद्या? आणि खुर्ची मला पुढची पाहिजे."

शनिवारी दुपारी अर्धी आळी नाहीकाकांच्या दिवाणखान्यात होती. डिश वर नेली, पण नवा खांब नीट रोवायला वेळच मिळाला नव्हता आणि त्या दिवशी वारा सुटला होता. वाऱ्याची झुळूक आली की डिश हलायची आणि पडद्यावरचं चित्र फाटून जायचं. रेडिओवाल्यांनी दोन-तीन दोऱ्या बांधून बघितल्या. शेवटी त्यांनी डिशच्या कडेला दोन्ही हातांनी धरलं, पाय रोवले आणि खाली ओरडले, "बघा आता!"

चित्र स्थिर झालं. काळं-पांढरं होतं, कारण तिकडच्या रंगांची पद्धत आपल्या टीव्हीला कळायची नाही. रिकामं सभागृह. एक माणूस झाडू मारत होता. मग मंडळ आत आलं, तालीम करायला, आणि दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी, कोट घातलेली, केस कापलेली, आमची धाकटी.

दिवाणखान्यात एकदम आरडाओरडा झाला. आत्या मात्र उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेली, हात पुढे केला आणि काचेला न लावता तसाच धरून ठेवला. "बारीक झाली नाहीये," ती एवढंच म्हणाली. डोळे भरले होते, पण हसत होती.

मग तिच्या एकदम लक्षात आलं. वर वाऱ्यात उभा राहून डिश धरणाऱ्या माणसाला काहीच दिसत नव्हतं. ती खिडकीत गेली, मान बाहेर काढली आणि आपल्या त्या खणखणीत आवाजात वर सांगायला लागली.

"अहो, ऐकताय ना? दिसतेय! केस कापलेत तिनं! आता जांभई दिली! आता शेजारणीला काहीतरी सांगतेय, दोघी हसतायत! आता मास्तर रागावले, सगळे सरळ उभे!"

वरून आवाज आला, "मागे कोण आहे तिच्या?"

आत्या आत आली, बघितलं, परत खिडकीत गेली. "एक ताडासारखा माणूस आहे! तो तिला पाणी देतोय! आता... अहो, आता तो तिच्या कोटाची कॉलर नीट करतोय! आणि ती करू देतेय!"

सबंध आळीनं नाहीकाकांच्या दिवाणखान्यात 'अरे वा' केलं.

खरा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा धाकटी पडद्यावर जेमतेम झळकली. पण त्याआधीची तालीम आम्ही सगळी बघितली होती, आणि आत्यानं शेवटच्या सुरापर्यंत एकेक गोष्ट वर पोचवली होती. गाणं संपल्यावर रेडिओवाले खाली आले. त्यांचे हात खांद्यापासून थरथरत होते, पाण्याचा पेला धरता येईना. आत्यानं तो त्यांच्या तोंडाला लावला. सगळ्यांसमोर. नाहीकाकांनीसुद्धा खिडकीबाहेर बघितलं.

दुसऱ्या दिवशी मीच एक्स्चेंजमधून आत्याचा धाकटीला ट्रंक कॉल जोडून दिला आणि लाइनवर राहिले.

"ताई, दिसले का गं मी?"

"दिसलीस. कोटाचा रंग कोणता होता?"

"लाल."

"मला वाटलंच. आणि तो कॉलर नीट करणारा ताडमाड कोण?"

"ते... ते तर टीव्हीवर दाखवलंच नव्हतं! तुला कसं कळलं?"

"मलाच नाही, सगळ्या आळीला कळलंय. नाहीकाकांना पसंत आहे. तू आपली तारीख सांग."

धाकटी बराच वेळ हसत होती. आत्यानं तिला डिशची आणि वाऱ्याची सगळी हकिगत सांगितली. मग धाकटीनं विचारलं, "पण ताई, एवढ्या वाऱ्यात डिश धरली कुणी?"

"रेडिओवाल्यांनी."

"किती वेळ?"

"सगळा वेळ."

"आणि त्यांनी काहीच बघितलं नाही?"

"मी सांगत होते ना त्यांना."

"मग माझं काय विचारतेस गं?" धाकटी म्हणाली. "तू तुझी तारीख सांग."

"लाइन खराब आहे," आत्या म्हणाली आणि फोन ठेवून दिला. लाइन काचेसारखी स्वच्छ होती.

रेडिओवाल्यांना बोलायला बरेच दिवस लागले. डिश परत आत्याच्या गच्चीवर नेली, तिचा खांब पक्का केला, आणि एका संध्याकाळी सगळे निघून गेल्यावर ते दारात घुटमळले. मी आत भांडी आवरत होते.

"बाई, माझी डिश तुमच्या गच्चीवर. टीव्ही तुमच्या खोलीत. रिसीव्हर तुमच्या कपाटावर. आता बाहेर राहिलोय तो..."

त्यांनी वाक्य अर्ध्यावरच ठेवलं. या वेळी आत्यानं ते बरोबर पूर्ण केलं.

"तुम्ही एकटेच. मग या की आत. फक्त तो सोल्डरचा वास तेवढा दुकानात ठेवून या."

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. धाकटी आली, आपल्या ताडमाड माणसाला घेऊन आली. तो आमच्या प्रत्येक दाराला एकदा डोकं आपटून मगच वाकायचा. त्याला आमची भाषा येत नव्हती. आत्या त्याच्याशी खुशाल आमच्याच भाषेत मोठ्यानं बोलायची आणि त्याला सगळं कळायचं. साक्षीदार म्हणून नाहीकाका. कारकुनानं "कुणाची हरकत?" असं विचारल्यावर सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. "नाही!" ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या त्या शब्दावर टाळ्या पडल्या.

पुढे काही वर्षांनी छोट्या डिश आल्या, केबल आली, कच्च्या चित्रांना सांकेतिक कुलपं लागली. आळीतल्या घराघरांत टीव्ही आला आणि आत्याच्या खोलीतली दाटी ओसरली. तिला त्याचं वाईट वाटलं असेल, पण ती म्हणाली, "बरं झालं, आता पाय पसरून बसता येतं."

आत्या आणि काका (रेडिओवाल्यांना मी तोवर काका म्हणायला लागले होते) पहिल्यांदा विमानात बसले ते धाकटीकडे जायला. तिथं धाकटीच्या नवऱ्यानं काकांसाठी एक बेत आखला होता. तो त्यांना गावातल्या टीव्ही केंद्रात घेऊन गेला. तारांच्या जंजाळात एक टकला तंत्रज्ञ बसला होता. सभागृहातल्या त्या कार्यक्रमाचं चित्र उपग्रहावर त्यानंच पाठवलं होतं. धाकटीच्या नवऱ्यानं त्याला सगळी हकिगत सांगितली. तंत्रज्ञाचा आधी विश्वासच बसेना. तालमीचं ते चित्र कुणी बघत असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि एवढ्या दूर, एवढ्या खालच्या कोनात, भंगारातल्या डिशवर!

मग त्यानं उठून काकांचे दोन्ही हात हातात घेतले, त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि एकेक यंत्र दाखवायला लागला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. कागदावर रेघा, हवेत बोटं, तोंडानं सिग्नलचे आवाज, असं त्यांचं बोलणं सुरू झालं. बाहेर बाकावर आत्या आणि धाकटी वाट बघत बसल्या होत्या. जेवायची वेळ झाली म्हणून त्या एकदा बोलवायला गेल्या, तर दोघांनीही तोंड वर न करता हातानंच 'थांबा' म्हटलं. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा काका त्या टकल्या माणसाला, बहुतेक रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यातल्या कुठल्याशा जुन्या विनोदावर, पोट धरधरून हसवत होते. आत्यानं आणखी एक खुर्ची ओढली आणि तीही त्यांच्यात जाऊन बसली.